कोंडा खाल्लेलं जनावर

"केरकरानू, रानातला डुकर भाताचो कोंडो खाता काय हो?"

पुनाजी राऊळ माझ्यासमोर उभा होता. तळहातावर डुकराची लेंडी होती आणि अंगठ्याने ती चुरून तो मला दाखवत होता. आत पिवळसर भुसा स्पष्ट दिसत होता. सकाळचे सात वाजले असतील. सोनखोलच्या राखणदाराच्या, म्हणजे रान सांभाळणाऱ्या देवाच्या, पाषाणापुढे पंचवीस-तीस माणसं जमली होती.

"मला काय माहीत? मी ऑफिसातला माणूस," मी म्हटलं.

"तसा न्हय. देवाक गाऱ्हाणा घालूचा आसा माका. म्हणान इचारतंय. आज रानात जा काय जनावर आसा, ता सगळा रानातलाच मां?"

मी राखणदाराकडे न बघता म्हणालो, "होय तर. दुसरं कुठलं असणार?"

पुनाजीने माझ्याकडे एकदाच नीट पाहिलं, हात झाडले आणि म्हणाला, "बरा. तुमी सांगतास तर तसा."

ही गोष्ट चौसष्ट सालची. तेव्हा शिकारीला परवाना मिळे आणि शिमगा झाला की गावोगावी पारध निघे. पुढे ते सगळं बंद झालं आणि झालं ते बरंच झालं. पण पुनाजी राऊळ हा माणूस बघायचा राहिला असता तर माझा जन्म फुकट गेला असता, हेही तितकंच खरं.

मी सव्वीस वर्षांचा होतो. सोनखोलच्या डोंगरात एका कंपनीची लोखंडाची खाण होती, तिथे मी कारकून होतो. मूळचा वेंगुर्ल्याचा, म्हणजे घरी मालवणीच; पण नोकरी लागल्यापासून शुद्ध बोलायचं भूत मानगुटीवर बसलं होतं. नोकरी अजून कच्ची होती. आमचे मॅनेजर नाबर साहेब ती पक्की करायचं गाजर दोन वर्षं माझ्या नाकासमोर धरून होते.

मुंबईच्या हेड ऑफिसचे धुरंधर साहेब, कंपनीच्या मालकांपैकी एक, दरवर्षी पारधीला येत आणि दरवर्षी रिकाम्या हाताने परत जात. नाबर साहेबांच्या मते खाणीची निम्मी कामं त्यामुळेच अडली होती. जानेवारीत एक अर्धवट वाढलेलं रानडुक्कर खाणीच्या चाचणीच्या खड्ड्यात पडलं, तेव्हा नाबर साहेबांना साक्षात परमेश्वर भेटल्यासारखं झालं.

"केरकर, ह्याला पोसा. गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवा. शिमग्यानंतर साहेब येतील तेव्हा त्यांच्या बंदुकीसमोर सोडायचं. कोणाला कळता कामा नये. तुमच्या ऑर्डरचं मी बघतो."

मी पोसलं. दोन महिने. पहिले आठ दिवस ते पत्र्यावर धडका देई आणि माझ्याकडे बघून दात वाजवी. मग भूक जिंकली. मी घासलेटच्या रिकाम्या डब्यात कोंडा नि पेज कालवून नेत असे, आणि दारात उभा राहून डब्यावर तीनदा काठी मारत असे. टण, टण, टण. थोडं थांबायचं, पुन्हा तीनदा. कारकुनी हात, त्याला सगळं शिस्तीत लागतं. महिन्याभरात ते डुक्कर डबा वाजला की शेपूट हलवत यायला लागलं. काजू धरल्यावर मी बोंडं नेऊ लागलो. ते माझ्या हातातून बोंड उचलायचं, इतकं हलकेच, की दाताचा स्पर्शसुद्धा व्हायचा नाही. खोटं कशाला सांगू, मला त्याचा लळा लागला होता. त्याला कशासाठी पोसतोय हे विसरायची सोय मी माझ्यापुरती करून घेतली होती.

पारधीच्या आदल्या संध्याकाळी पहारेकरी फटू आणि मी त्याला लाकडी पिंजऱ्यात घालून खाणीच्या ट्रकने सोनखोलच्या दरीत नेलं. काजूच्या झुडपांत पिंजरा लपवला. हाकारा सुरू झाला की फटूने दार उघडायचं, असं ठरलं. वाटेत डुकराने आपलं काम केलं, ते चाकोरीत पडलं आणि पहाटे माग काढायला गेलेल्या पुनाजीला सापडलं. चोर सोडून जातो काय आणि माग काढणाऱ्याला सापडतं काय!

पुनाजी हा पारधीचा मानकरी. पासष्टीला आला होता. अंगाने काटकुळा, एका डोळ्यात फूल पडायला लागलेलं. त्याची ठासणीची बंदूक त्याच्या आज्यापासूनची होती. गावात सांगत की पुनाजीने बसलेल्या जनावरावर, पाण्यावर आलेल्या जनावरावर, गाभण मादीवर उभ्या जन्मात बार टाकला नाही. मला ह्या कथा तेव्हा म्हाताऱ्यांच्या बढाया वाटत.

सगळ्यांनी आपापल्या बंदुका पाषाणापुढे आडव्या ठेवल्या. धुरंधर साहेबांनीही आपली विलायती दुनळी ठेवली. पुनाजीने हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, सोनखोलच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा जमाव ओरडला.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या रानात रिगतत!"

"व्हय म्हाराजा!"

"जा जनावर तुझ्या झऱ्याचा पाणी पिता, तुझ्या रानातली मुळां खाता, तेच्यारच आमची बंदूक चलांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या पायांत बळ दी, तेच्या पायांतय तितक्याच बळ दी! तेका वाट दी, आमका नजर दी!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्यात कोणी खोटेपणा केलो आसात, तर तो मानकऱ्याच्या माथ्यार. खोट्याचा निस्तारूसर मानकऱ्याची बंदूक तुझ्या पायाकडे पडांदे!"

"व्हय म्हाराजा," मीही म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

नंतर एकाला विचारलं, हे शेवटचं काय? तो म्हणाला, गाऱ्हाणं खोटं पडलं तर मानकऱ्याने बंदूक देवापुढे टाकायची आणि ते खोटं दुरुस्त होईपर्यंत शिवायची नाही. पुनाजीच्या आज्यावर एकदा तशी पाळी आली होती. बंदूक परत हाती यायच्या आत म्हातारा मेला.

सोनखोल म्हणजे दोन डोंगरांमधली चिंचोळी दरी. बंदुकवाले खालच्या तोंडाशी बसतात आणि हाकारे वरून ओरडत, डबे वाजवत उतरतात. साहेबांची जागा एका जुन्या ऐनाच्या झाडाखाली होती. समोर मोकळा माळ. मानकरी पाहुण्याशेजारी बसतो, म्हणून पुनाजीही तिथेच. नाबर साहेब त्यांच्या मागे. मला त्यांनी हाकाऱ्यांत पाठवलं. कोणीतरी माझ्या हातात डबा नि काठी दिली.

हाकारा सुरू झाला. माणसं आरोळ्या देत होती, डब्यांचा नुसता कडकडाट चालला होता. एक भेकर उडालं आणि बंदुकांच्या मधून सुटून गेलं. साहेबांचा बार हुकला. आम्ही खाली खाली सरकत माळाच्या वरच्या कडेला आलो, आणि फटूने पिंजरा उघडला.

डुक्कर काजूतून बाहेर पडलं. साहेबांपासून पन्नास पावलांवर. आता ते तसंच पुढे पळालं असतं तर सगळं नाबर साहेबांच्या मनासारखं झालं असतं. पण इतक्या गोंगाटाने ते गोंधळून उभं राहिलं. आणि माझा हात, हा माझा उजवा हात, मला न विचारता सवयीने चालला. टण, टण, टण. थोडं थांबून पुन्हा तीनदा.

डुकराचे कान उभे झाले. त्याने तोंड फिरवलं आणि बंदुकांकडे पाठ करून ते माळ चढून दुडक्या चालीने थेट माझ्याकडे यायला लागलं. शेपूट हलवत.

एकेक करून सगळे डबे थांबले. माणसं बघत राहिली. डुकराने माझ्याजवळ येऊन डब्यात तोंड घातलं. डबा रिकामा होता. मग त्याने माझ्या हाताचा वास घेतला आणि बोंड शोधायला लागलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मारा साहेब, मारा! उभंच आहे!" खालून नाबर साहेब ओरडले. "केरकर, बाजूला व्हा!"

मी बाजूला झालो. हे सांगायला आज साठ वर्षांनीही जीभ जड होते, पण झालो. डुक्कर माझ्यामागून बाजूला आलं.

धुरंधर साहेबांनी बंदूक खांद्याला लावली होती. पुनाजी उठला. त्याने आपला सुरकुतलेला हात दुनळीवर ठेवला आणि नळी सावकाश जमिनीकडे वळवली. कंपनीच्या मालकांपैकी एकाच्या बंदुकीला हात घालणं म्हणजे काय ते त्या काळच्या माणसालाच कळेल. पुनाजीचे दोन मुलगे खाणीवर कामाला होते.

"साहेबानू, नको," तो म्हणाला. "ता जेवूक इलासा."

साहेबांनी डुकराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग नाबर साहेबांकडे वळून विचारलं, "हे तुम्ही मला मारायला देणार होतात?"

"साहेब, मला कल्पना नाही... हा केरकर..."

"मी पोसलंय," मी म्हणालो. नाबर साहेबांचं नाव घ्यायचं धैर्य मला झालं नाही, पण माझं तरी घेतलं. "दोन महिने. कोंडा घालून."

धुरंधर साहेबांनी बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली. "चार वर्षं काही मिळालं नाही त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं, नाबर," ते म्हणाले, "आज वाटतंय." आणि ते जीपकडे चालायला लागले.

पुनाजी राखणदाराकडे गेला, मी कुत्र्यासारखा मागोमाग. त्याने खांद्यावरची बंदूक काढली, पंच्याने पुसली आणि पाषाणापुढे ठेवली.

"पुनाजी, खोटं मी बोललो. शिक्षा तुम्हाला कशाला?"

"माका लेंडी गावली होती," तो म्हणाला. "मी एकदाच इचारलंय. दोनदा इचारूक व्हया होता. साहेब नाराज होतलो, म्हणान इचारलंय नाय. ही माझी चूक."

"मग आता?"

"आता निस्तारूक व्हया."

"काय करायचं? मोकळं सोडू त्याला. सोडलंच आहे."

पुनाजीला पहिल्यांदाच राग आला. "सोडलास खय? ता तुमच्या पाठसून इलासा, बगा!"

खरंच, ते माझ्यापासून दहा पावलांवर उभं होतं.

"ह्येका असाच सोडलास तर उद्या पोरटोर डबो वाजयत जायत आणि ह्या धावत येतला. बिबटो येतलो आणि ह्या माणसाची वाट बघीत रवतला. रानातल्या जनावराकडे काय आसता, केरकरानू? घर नाय, दार नाय. एक भय आसता. ता तुमी काढून घेतलात. आता तुमीच ता परत दिवक व्हया."

"म्हणजे कसं?"

त्याने वाकून एक धोंडा उचलला आणि माझ्या हातात दिला.

त्या दुपारी आम्ही डबा वाजवत त्याला दरीच्या वरच्या टोकाला, झऱ्याच्या पलीकडे नेलं. ते खुशीत येत होतं. तिथे पुनाजी बाजूला बसला आणि म्हणाला, "वाजवा डबो. जवळ इला की मारा."

मी डबा वाजवला. ते आलं. मी धोंडा मारला, पण मुद्दाम चुकवून. त्याला तो खेळ वाटला.

"हातचो राखून मारतास काय? अशान माझी बंदूक गंजात आणि ह्याचो जीव जायत," पुनाजी म्हणाला.

मग मी खरे धोंडे मारले. पहिला पाठीवर बसला. ते ओरडून मागे झालं, थोड्या वेळाने पुन्हा आलं. माझी काहीतरी चूक झाली असेल अशा नजरेने बघत होतं. दुसरा बसला. पुन्हा आलं. मी रडत होतो. पुनाजीने ते पाहिलं आणि मान वळवली, पण थांब म्हणाला नाही. तिसरा धोंडा कानावर बसला आणि कानाची पाळी फाटली. ते किंचाळलं, माझ्याकडे बघत चार पावलं मागे गेलं आणि झुडपात शिरलं. बराच वेळ झुडपं हलत नव्हती. ते आतून बघत होतं, मला माहीत होतं.

एका दुपारीत हे संपलं नाही. पावसाळ्यापर्यंत दर रविवारी पुनाजी मला घेऊन जाई. त्याचं काम माग काढायचं, माझं मारायचं. बोलणं फारसं नसे, पण मी शिकत गेलो. कुठल्या खुराचा माग ताजा, जनावर चालत गेलं की पळत, एकटं की कळपात. जनावर कोणत्या अंगाने वारा घेतं हे दाखवताना त्याच्या त्या एका धड डोळ्यात अशी माया येई, की हा माणूस त्यालाच मारायचा हे खरं वाटू नये. एकदा मी तसं विचारलंही.

"मारतंय तर. पण तेका वाट ठेवन मारतंय," तो म्हणाला. "धा वेळा तो जिकता, एकदा मी. बांधून मारूक खाटीक आसा मां बाजारात. तो तरी खोटा बोलणा नाय."

ऑगस्टमध्ये मागच दिसेनासा झाला. पुनाजीचा डोळा त्या पावसात आणखी गेला. गावात कुजबूज होती की म्हाताऱ्याला आता बंदूक परत मिळाली तरी किती दिवस धरणार. माझी नोकरी पक्की होणं वर्षभर लांबलं, ते मला बोचत नव्हतं. पाषाणापुढे पडलेली ती बंदूक बोचत होती. पुनाजी दर सोमवारी तिला तेल लावायचा, पण पंच्याने, हाताने नाही.

पुढच्या शिमग्यानंतर पारध निघाली. धुरंधर साहेब आले, ह्याचं सगळ्यांना नवल वाटलं. गाऱ्हाणं पुनाजीनेच घातलं. पण बंदुकवाल्यांत न बसता तो हातात काठी घेऊन हाकाऱ्यांत आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला.

"डबो हाडलास?"

मी डबा दाखवला. तोच, जुना.

दरीच्या मध्यावर करवंदीच्या जाळीपाशी पुनाजी थबकला. त्याने माग बोटाने चाचपून पाहिला. "वाजवा," तो हळूच म्हणाला. "तुमचोच डुकर तो."

मी वाजवला. टण, टण, टण.

जाळीत काहीतरी उभं राहिलं. मग ते बाहेर आलं. मी ओळखलंच नसतं. मानेवर राठ केस, सुळे बाहेर आलेले, अंगावर वाळलेला चिखल. फक्त डावा कान फाटलेला होता. खाली दरीत बंदुका होत्या, मागे हाकारे. त्याने डब्याकडे पाहिलं. माझा हात तसाच वर राहिला, आणि लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात आलं, ये.

ते आलं. सरळ, खाली मान घालून. मी आडवा पडलो तेव्हा मांडीत विस्तव घातल्यासारखं झालं. माझ्या अंगावरून उडी घेऊन ते हाकाऱ्यांची रांग फोडून वर डोंगरात गेलं. एकाही बंदुकीला ते दिसलंसुद्धा नाही.

पुनाजी माझ्याजवळ बसला आणि कमरेचा पंचा फाडून मांडी आवळून बांधायला लागला. जखम चांगली वीतभर होती. तो म्हातारा हसत होता. माझं रक्त चाललेलं आणि हा एखाद्याच्या घरी मुलगा झाल्यासारखा हसत होता!

"शाबास! शाबास रे म्हाराजा!" तो डोंगराकडे बघून म्हणाला.

दुखण्यापेक्षा मला दुसरंच लागलं होतं. माझं शुद्ध बोलणं त्या वेळी कुठल्या कुठे गेलं.

"पुनाजी, माका वळाखल्यान नाय तेणा."

पुनाजीने पंच्याला शेवटची गाठ मारली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वळाखल्यान, केरकरानू," तो म्हणाला. "वळाखल्यान, म्हणानच मारल्यान."

मग त्याने दोघांना मला उचलायला सांगितलं. राखणदाराच्या पाषाणाशी आल्यावर तो थांबला, वाकला आणि वर्षभर पडलेली आपली बंदूक उघड्या हातांनी उचलली.